काळ्या भारी जमिनीखालच्या विहिरीत नायट्रेट येतं कुठून?

वर्धेकर_मास्तर

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालाच्या बातम्या बहुतेकांनी वाचल्या असतील. नायट्रेटच्या बाबतीत देशातले सर्वांत वाईट म्हणून जे १५ जिल्हे काढले, त्यांत सात आपले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. देशभरात तपासलेल्या नमुन्यांपैकी साधारण २० टक्के नमुने लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर गेले. एकट्या महाराष्ट्रात जवळजवळ ३६ टक्के.

माझा प्रश्न मातीचा आहे. याच यादीत बारमेर, जोधपूर, भटिंडा आहेत. तिथली जमीन वाळूची, रेताड. वरून टाकलेलं सरळ खाली जाणार हे कळतं. पण वर्धा-यवतमाळ म्हणजे काळी, चिकण, कापसाची जमीन. शाळेत आम्ही मुलांना शिकवतो की ही जमीन पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवते. मग ती नायट्रेट का धरत नाही?

आमच्या दोन विहिरी आहेत. एक उतारावर बरड जमिनीत, तिथे फूटभर मातीखाली लगेच मुरूम लागतो. दुसरी नाल्याकाठी भारी काळीत. पाणी तपासून आणलं. बरडातल्या विहिरीत ६१, काळीतल्या विहिरीत ५८. मला दोन्हींत बराच फरक अपेक्षित होता. गावठाणातली जुनी सार्वजनिक विहीर तर १०० च्या पुढे आहे, आणि तिच्या आसपास शेतीच नाही.

'युरिया बंद करा' एवढंच लिहायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा. यंत्रणा समजून घ्यायची आहे.

मृदगंध

मास्तर, 'धरून ठेवते' हे अर्धंच वाक्य आहे. काय धरून ठेवते ते पाहायला हवं.

चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. धन भाराचं अमोनियम, कॅल्शियम, पोटॅश तिला चिकटून राहतात. नायट्रेटवरही ऋणच भार. ते चिकटत नाहीच, उलट कणाच्या पृष्ठभागापासून लांब ढकललं जातं आणि पोकळीच्या मधोमध राहतं. पाणी सगळ्यात वेगाने चालतं तेही तिथूनच. म्हणजे नायट्रेटच्या बाबतीत तुमची काळी जमीन आणि बारमेरची वाळू सारख्याच हतबल.

युरिया ओल्या जमिनीत पडला की युरिएज नावाचं विकर थोड्याच दिवसांत त्याचं अमोनियम करतं. त्यानंतर नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हे जिवाणू दोन-तीन आठवड्यांत अमोनियमचं नायट्रेट करून टाकतात. काळ्या जमिनीचा सामू साडेसात ते साडेआठ, जून-जुलैची उबदार माती आणि वाफसा, यात या जिवाणूंचं चांगलंच फावतं. आम्लधर्मी जमिनीत तेच काम रेंगाळतं. तेव्हा काळी अमोनियम धरते हे खरं, पण ते फार काळ अमोनियम राहतच नाही.

पोताचा संबंध येतो पाणी किती मावतं यातून. रेताड जमीन मीटरभर खोलीत १०० मिलिमीटरच्या आसपास पाणी धरते, भारी काळी ४०० च्या आसपास. जमीन आधीच भिजलेली असताना वरून २५ मिलिमीटर जादा पाणी मुरलं, तर ते जुन्या पाण्याला वाळूत सुमारे २५ सेंटिमीटर खाली ढकलेल आणि काळीत सहा-सात सेंटिमीटर. नायट्रेट पाण्याबरोबर चालतं, त्यामुळे तेही तेवढंच सरकतं. काळीत ते मुळांच्या टापूत जास्त दिवस राहतं, पिकाला उचलायला वेळ मिळतो. पुस्तकात काळी जमीन 'सुरक्षित' दिसते ती या हिशोबाने.

या हिशोबात जमीन एकसंध धरली आहे. जूनमध्ये ती तशी नसते.

ऊन_पाऊस

वाचतेय. छान चाललंय. भेगांकडे वळणार वाटतं :)

बांधावरचा

मृदगंध साहेब भेगांवर येतच आहेत तर मी वावरातलं सांगतो, यवतमाळकडचं.

मे महिन्यात भेगेत तुराटी उभी घातली तर कंबरेएवढी आत जाते. जूनचा पहिला दणका पडला, पन्नास-साठ मिलिमीटरचा, तर वावरात पाणी साचतच नाही. धुऱ्यापर्यंत पोचतसुद्धा नाही. सगळं भेगा पिऊन टाकतात. जाताना एकटं जात नाही ते. वरची भुरभुरी माती, शेणखताचा चुरा, मागल्या सालचं जे काही उरलं असेल ते सगळं घेऊन उतरतं.

एक साल विहिरीचं बांधकाम अर्धवट राहिलं होतं, कडा उघड्या होत्या. वरून चार-साडेचार फूट काळी, मग चुनखडीचे खडे असलेला भुरा थर, मग मुरूम, त्याच्या खाली मांजऱ्या खडक. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी आत उतरलो तर मुरमाच्या डोक्यावरून झिरपे सुटलेले. आणि त्याच्या वरच्या काळीला बोट लावलं तर दोन फुटांच्या खाली माती कोरडी! ढेकूळ फोडलं तर आतून धूळ निघाली. आता पाणी मुरमात पोचलं कसं, ते तुम्ही सांगा. मातीतून तर आलं नाही.

मृदगंध

बांधावरचा, नेमका पुरावा दिलात. पाणी मातीच्या बाजूने निघून गेलं, मातीतून गेलं नाही. यालाच आम्ही आडवाटेचा प्रवाह म्हणतो. मीटरला ४०० मिलिमीटर धरण्याची ताकद त्या पाण्याच्या वाट्याला आलीच नाही.

काळ्या जमिनीतली चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट गटातली. ओलीने फुगते, वाळली की आकसते. पाऊस लागून राहिला की भेगा मिटतात आणि मग तीच जमीन पाणी आत घेईनाशी होते. मुरण्याचा वेग तासाला एक मिलिमीटरच्याही खाली जातो. ऑगस्टमध्ये तुमच्याच वावरात पाणी उभं राहतं ते त्यामुळे. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू संपला की दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो (थोडा नायट्रस ऑक्साइड होऊन, तो हवामानाच्या दृष्टीने वाईट, पण विहिरीची सुटका). तेव्हा भेगा मिटल्यानंतरची काळी जमीन खरोखरच बऱ्यापैकी राखण करते.

धोका आहे तो पहिल्या पावसापासून भेगा मिटेपर्यंतच्या दिवसांत. आणि शेताचं वेळापत्रक पाहा: खताचा पहिला हप्ता त्याच दिवसांत पडतो, कपाशीची मुळं तेव्हा बोटभर असतात, आणि उन्हाळाभर तापलेली माती पहिल्यांदा भिजली की सेंद्रिय पदार्थ एकदम वेगाने कुजून नायट्रेटची लाट येते. उचलणारं पीक नाही आणि खालचा दरवाजा उघडा.

जलधर

भूजलाच्या बाजूने भर घालतो.

भूजल किती सहज दूषित होईल याचा अंदाज बांधायला 'ड्रॅस्टिक' नावाची पद्धत वापरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८७ मध्ये ती मांडली, आपल्याकडेही अभ्यासांत सर्रास वापरतात. सात घटक: पाण्याची खोली, पुनर्भरण, जलधर (भूजल साठवणारा) खडक, माती, उतार, मधला असंपृक्त थर (माती आणि भूजल यांच्यामधला, पाण्याने पूर्ण न भरलेला) आणि खडकाची पाणी वाहून नेण्याची क्षमता. प्रत्येकाला १ ते १० गुण, जास्त गुण म्हणजे जास्त धोका.

त्यातला मातीचा तक्ता मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तरच आहे. वाळूला ९. वालुकामय पोयट्याला ६, पोयट्याला ५, चिकण पोयट्याला ३. न फुगणाऱ्या चिकणमातीला १. आणि आकसणाऱ्या, भेगाळणाऱ्या चिकणमातीला ७! चिकणमाती दोन्ही, पण एक तक्त्याच्या तळाला आणि दुसरी पोयट्याच्याही वर, वाळूच्या शेजारी. काळ्या जमिनीला नुसतं 'क्ले' समजून १ किंवा २ गुण देणारे नकाशे मी पाहिले आहेत. ते नकाशे विदर्भ हिरवागार, म्हणजे सुरक्षित, दाखवतात.

माती अगदी पातळ असेल किंवा नसेलच तर थेट १०. ही झाली तुमची बरड. १० आणि ७, मास्तर. फरक तुम्हाला वाटत होता तेवढा नाहीच.

शिवाय मूळ पद्धतीत मातीचं वजन फक्त २ आहे. पाण्याची खोली आणि असंपृक्त थर यांना ५-५. शेतीतल्या रसायनांसाठी जी सुधारित आवृत्ती आहे तिच्यात मातीचं वजन ५ केलं आहे. पण दख्खनच्या बेसाल्टमध्ये तुम्ही कोणतीही आवृत्ती घ्या, पाणी मुरमात आणि फुटक्या खडकात, पावसाळ्यात काही फुटांवर. मुरूम गाळत नाही. मुळांच्या खाली सेंद्रिय कर्ब जवळजवळ संपतो, विहिरीचं उथळ पाणी हवेशीर असतं. म्हणजे मृदगंध सांगतात त्या वायू करणाऱ्या जिवाणूंना खाली ना खायला काही ना तशी परिस्थिती. एकदा मुरमात उतरलेलं नायट्रेट सहसा नायट्रेटच राहतं.

आणखी एक. नाल्याकाठच्या विहिरीत फक्त नाल्याकाठच्या वावराचं पाणी नसतं. वरच्या बरडात मुरलेलं पाणी उताराने तिथेच येतं. तुमच्या ५८ मधले किती स्वतःच्या काळीतून आले आणि किती शेजाऱ्याच्या बरडातून, ते त्या एका आकड्यावरून सांगता येणार नाही.

देशी_बियाणं

एवढं सगळं विज्ञान सांगताय पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. आमच्या आजोबांच्या काळी याच भेगा होत्या, हाच मुरूम होता, पाणी गोड होतं. पाणी नासलं ते रासायनिक खतांनी. शेणखत टाका, जीवामृत टाका, नायट्रेटचा प्रश्नच राहणार नाही.

आकडेमोड

देशी_बियाणं, निम्मं मान्य. उरलेल्या निम्म्यासाठी हिशोब मांडतो, चुकला तर सांगा.

आधी पाण्याची बाजू. समजा वर्षात १०० मिलिमीटर पाणी मुळांच्या खाली जातं. एकरात ते सुमारे ४ लाख लिटर होतं. त्यात ४५ मिलिग्रॅमची मर्यादा गाठायला १८ किलो नायट्रेट लागेल. नायट्रोजनमध्ये मोजलं तर (४.४३ ने भागून) फक्त ४ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नायट्रोजन असतो. म्हणजे एकरी एक पंचमांश गोणी जरी निसटली तरी खाली जाणारं पाणी पिण्याच्या मर्यादेला टेकलं.

आता मातीची बाजू. एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन ९ लाख किलोच्या घरात. सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला तर साडेचार हजार किलो कर्ब, आणि कर्ब-नत्राचं प्रमाण ११ धरलं तर ४०० किलो नायट्रोजन मातीतच पडून आहे. त्यातला वर्षाला दोन टक्के जरी मोकळा झाला तरी ८ किलो. खताचा दाणा न टाकता! त्याचा मोठा भाग पहिल्या पावसाच्या लाटेत मोकळा होतो, ज्यावर वर चर्चा झालीच.

तर शेणखतातून नायट्रेट होत नाही असं नाही. होतं, सावकाश होतं, आणि पीक उभं असताना झालं तर उत्तमच. पण मे महिन्यात ट्रॉलीभर पसरून ठेवलेलं शेणखत पहिल्या पावसात भेगेत गेलं तर विहिरीला ते देशी आहे की रासायनिक याने फरक पडत नाही.

देशी_बियाणं

ठीक. पण शेणखताने जमिनीचा पोत सुधारतो हे तरी मानाल? आमच्या शेतात भेगा कमी पडतात हे मी डोळ्यांनी पाहतो.

मृदगंध

मानतो. पोत नव्हे, रचना सुधारते, पण मुद्दा तोच. कर्ब वाढला की कण बांधले जातात, भेगा बारीक आणि जास्त संख्येने पडतात, खोल आणि रुंद पडत नाहीत. वर काडीकचऱ्याचं आच्छादन राहिलं तर जमीन तेवढी तडकत नाही. शिवाय कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा गव्हाचं काड यांसारखा भरपूर कर्ब आणि कमी नत्र असलेला काडीकचरा कुजताना जिवाणू आजूबाजूचं नायट्रेट स्वतःच्या शरीरात बांधून घेतात, काही आठवडे ते खाली जात नाही. तुमच्या शेतात जे दिसतं त्याला आधार आहे.

ऊन_पाऊस

पेरणीआधी वखर फिरवतात त्याने भेगा बुजतात ना? आमचे आजोबा उन्हाळ्यात वखरायचे.

बांधावरचा

तोंडं बुजतात. वरचे तीन-चार इंच भुसभुशीत होतात, पाणी भेगेत धो-धो न जाता जरा थांबून मुरतं. पूर्वी बैलाने दोनदा-तीनदा वखरपाळी व्हायची. आता ट्रॅक्टरचं भाडं पाहता काही जण एकच पाळी देतात, आणि धूळपेरणीवाले तर पावसाच्या आधीच बी आणि खत संगतीच टाकून मोकळे. ते खत कोरड्या जमिनीत भेगेच्या तोंडावर बसलेलं असतं. त्याला काय म्हणावं आता!

तापीकाठ

जळगावकडून लिहितोय. आमच्या जिल्ह्याचं नाव यादीत आहे आणि लोक लगेच केळीकडे बोट दाखवतात, म्हणून.

केळीला शिफारसच झाडाला २०० ग्रॅम नत्राची आहे. दीड बाय दीड मीटरवर एकरी १८०० झाडं बसतात. म्हणजे एकरी ३६० किलो नत्र, युरियाच्या १७ गोण्यांएवढं. कापूसवाल्यांना हे ऐकून घाम फुटेल. पण केळी तेवढं वाढतेही, आणि आता बहुतेक बागा ठिबकवर आहेत, खत आठवड्याच्या हप्त्यांनी थोडं थोडं जातं.

जमीन आमची वेगळी. तापीचा गाळ खूप खोल आहे, चिकणमाती आणि वाळूचे थर एकावर एक. रावेर-यावलला सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा पट्टा आहे, तिथे पाणी झपाट्याने मुरतं. पाणीपातळी मात्र इतकी खोल गेली आहे की बोअरशिवाय भागत नाही. मग वरचं नायट्रेट तिथपर्यंत पोचलं कसं, की अजून वाटेत आहे?

जलधर

तापीकाठ, दोन्ही शक्य आहे. खोल गाळात भेगांची आडवाट थोड्या अंतरावर संपते, पुढे पाणी थराथराने सरकतं. त्याला वर्षं लागतात. आज बोअरमध्ये दिसतंय ते ठिबक येण्याआधीच्या, पाटपाण्याच्या काळातलं असू शकेल. आणि आजचं चांगलं व्यवस्थापन पाण्यात दिसायलाही तितकाच वेळ लागेल. पण बोअरचं केसिंग वरून नीट सील केलेलं नसेल तर पाइपाच्या बाहेरून वरचं पाणी सरळ खाली उतरतं, तिथे मातीचे सगळे हिशोब संपले. जुन्या कोरड्या विहिरीत पुनर्भरणाच्या नावाखाली शेतातलं पाणी सोडतात ते तर मातीला पूर्ण वगळणंच आहे. आधी गाळणखड्डा करतात, पण वाळू-गोट्यांचा थर गाळ अडवतो, नायट्रेट अडवत नाही.

ठिबकबद्दल एक सावधगिरी: ठिबकखाली ओलीचा कांदा (भिजलेला गोलसर भाग) मुळांपेक्षा खोल गेला, म्हणजे रोज गरजेपेक्षा तास-दीड तास जास्त चाललं, तर विरघळलेलं खत त्याच्याबरोबर जातंच. यंत्र ठिबकचं आहे म्हणून निसटणं आपोआप थांबत नाही.

जांभ्याची_वाट

आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात नायट्रेटचं नाव फारसं ऐकू येत नाही. आम्ही काय पुण्य केलं? माती तर जांभ्याची, भोकाभोकांची, पाणी क्षणात गायब.

मृदगंध

पुण्य तीन प्रकारचं आहे.

एक, पाऊस. आकडेमोड यांचा हिशोब १०० मिलिमीटरचा होता. तुमच्याकडे तीन हजार पडतो, त्यातला हजार जरी खाली गेला तरी मर्यादा गाठायला एकरी ४ ऐवजी ४० किलो नत्र निसटावं लागेल. बारमेरला उलटं: मुळात खतही थोडं, पण खाली जाणारं पाणी इतकं कमी की जे काही असेल ते घट्ट होऊन बसतं. खताचा खप आणि नायट्रेटचा नकाशा जुळत नाहीत त्यामागचं मोठं कारण हे आहे.

दोन, भातखाचरं. पाण्याखालच्या चिखलात अमोनियमचं नायट्रेट फारसं होत नाही आणि झालेलं वायू होऊन उडतं. चिखलणीने खालचा थरही घट्ट बसतो.

तीन, जांभ्याची माती. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेल्या आम्ल मातीत, विशेषतः खालच्या थरात, थोडा धन भार तयार होतो. तिथे नायट्रेट काही प्रमाणात चिकटतं. कायमचं नाही, पण चाल मंदावते. काळ्या जमिनीत ही सोय जवळजवळ शून्य.

खारपाण

पूर्णेच्या खारपाण पट्ट्याबद्दल कोणी बोलेल का? आमची जमीन काळीच, पण सोडियम जास्त. पाऊस पडला की चिखल होऊन बसते.

मृदगंध

सोडियममुळे कण विखुरतात, भेगा लवकर मिटतात आणि मुरण्याचं प्रमाण आणखी घटतं. त्यामुळे पावसाळाभर खाली कमी जातं, पण जे जातं ते पातळ व्हायला पाणीही कमी मिळतं. तुमचं पाणी मुळातच खारट असल्याने लोक नायट्रेटकडे पाहतच नाहीत. तपासून घ्या.

वर्धेकर_मास्तर

सगळ्यांचे आभार, वर्गात सांगायला दोन महिन्यांचं साहित्य मिळालं. पण गावठाणाची विहीर राहिली. तिच्या आसपास ना कापूस ना केळी.

जलधर

मास्तर, गावठाण हे शिवारातलं सर्वांत जास्त खत पडलेलं 'शेत' असतं, फक्त तिथे पीक नसतं. गोठे, उकिरडे, शोषखड्डे, सांडपाणी. माणसामागे वर्षाला अडीच किलोच्या आसपास नत्र शरीराबाहेर जातं. शंभर उंबऱ्यांचं गाव धरा आणि ते सगळं दोन-चार एकरांत खड्ड्यांवाटे मुरमात उतरवा. गुरांचं वेगळंच. वर सांगितलेला एकरी ४ किलोचा हिशोब तिथे लावून पाहा. शेणामुताने सकस झालेली गावठाणाची पांढरी माती लोक वावरात नेऊन टाकायचे, उगीच नाही.

संडासाचा शोषखड्डा मातीत असेल तर रोगजंतू बऱ्यापैकी गाळले जातात. नायट्रेट नाही. आणि खड्डा खणताना मुरूम लागला की लोक खूश होतात, पाणी लवकर जिरतं म्हणून. ते जिरून जातं कुठे हे विहिरीला विचारा.

शेतातलं की गावातलं हे ओळखायला एक साधी खूण: त्याच नमुन्यात क्लोराइड आणि पोटॅशियमही मोजून घ्या. मिठामुळे सांडपाणी-मलमूत्रात क्लोराइड भरपूर असतं. नायट्रेटबरोबर क्लोराइडही गावाबाहेरच्या विहिरीपेक्षा बरंच वर असेल आणि कोलिफॉर्म (मलमूत्रातले जिवाणू) सापडले तर संशय गोठ्यावर-शोषखड्ड्यावर. क्लोराइड साधारण आणि नायट्रेटच वर असेल तर संशय शेतावर. प्रयोगशाळेत नायट्रोजनच्या समस्थानिकांवरूनही सांगता येतं, पण ते संशोधकांचं काम, महाग आहे. (खारपाण, तुमच्याकडे क्लोराइडची खूण चालणार नाही, ते मुळातच जास्त.)

डॉ_निवांत

थोडं आरोग्याचं, कारण कोणीतरी विचारणारच. सहा महिन्यांच्या आतलं बाळ आणि वरच्या दुधाची पावडर या पाण्यात कालवणं, हा सर्वांत मोठा धोका. नायट्रेटचं नायट्राइट होऊन रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचं थांबवतं, बाळ निळसर पडतं. विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात कोम्ली या डॉक्टरांनी दाखवला. पाणी उकळू नका, म्हणजे जंतूंसाठी उकळा, पण उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही. पाणी आटल्यावर वाढतं. तुरटी, ब्लिचिंग, मेणबत्तीचा फिल्टर यांनीही नाही. आरओने जातं. गरोदर बाईसाठीही दुसऱ्या स्रोताचं पाणी वापरा.

बांधावरचा

आता खरं सांगा, कपाशीवाल्याने करायचं काय? निंबोळीचा युरिया तर २०१५ पासून सक्तीचाच आहे.

मृदगंध

निंबोळीचा लेप अमोनियमचं नायट्रेट होणं थोडं लांबवतो. आठवड्या-दोन आठवड्यांची उसंत. त्या उसंतीत भेगा मिटल्या तर फायदा, नाहीतर नुसतं लांबणीवर.

कोरडवाहू कपाशीत मी सांगेन: पेरणीबरोबर स्फुरद द्या, नत्र जमेल तितकं कमी. डीएपीच्या (नत्र आणि स्फुरद दोन्ही देणाऱ्या खताच्या) एका गोणीत ९ किलो नत्र येतोच, त्याच्यावर युरिया नको. उरलेलं डवरणीच्या (उभ्या पिकातल्या कोळपणीच्या) वेळी, ओळीच्या बाजूला मातीआड, दोन-तीन हप्त्यांत. बरडात हप्ते आणखी लहान, कारण तिथे भेगा मिटणं वगैरे काही नाही, प्रत्येक मोठा पाऊस मुरमात जातो. मोठ्या पावसाचा अंदाज असताना युरिया फेकू नका. युरियावर कोणताच भार नसतो, अमोनियम व्हायच्या आधी जोराचा पाऊस आला तर तो जसाच्या तसा वाहून खाली जातो. आणि कपाशीत तूर असू द्या, तिची मुळं खोल जातात, कपाशीला न सापडलेलं नायट्रेट ती उचलते.

बांधावरचा

तीन हप्ते म्हणजे तीनदा मजूर. युरियाची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते, ती फेकायला त्याहून जास्त मजुरी जाते. म्हणून एकदाच फेकतात लोक, हे पण लिहून ठेवा तुमच्या अहवालात.

मृदगंध

लिहायलाच हवं. गोणी स्वस्त आणि हात महाग असताना शेतकरी हप्ते कमीच करणार. बैलडवऱ्याला खताची नळी जोडून डवरणी आणि खत एकाच फेरीत करणारे काही जण आहेत, खर्चाच्या दृष्टीने मला तो मार्ग बरा वाटतो.

शेताच्या_कडेला

नवीन आहे, धागा पूर्ण वाचला. आमच्या विहिरीचा अहवाल काल मिळाला, नायट्रेट १४. म्हणजे आम्ही ४५ च्या खूप खाली आहोत ना?

आकडेमोड

अहवालात पुढे काय लिहिलंय ते पाहा. 'नायट्रेट म्हणून' असेल तर हो, निर्धास्त राहा. 'नायट्रोजन म्हणून' असेल तर ४.४३ ने गुणा, ६२ होतात.

शेताच्या_कडेला

बारीक अक्षरांत 'नायट्रोजन म्हणून' आहे.

जलधर

मग पावसाळ्याआधी एक आणि पावसाळा संपल्यावर एक असे दोन नमुने अजून घ्या, क्लोराइडसकट. विहिरीचं पाणी उपसून ताजं आल्यावर भरा, बाटली काठोकाठ भरून बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा; उन्हात ठेवलेल्या नमुन्यात नायट्रेट बदलतं. घरात लहान बाळ असेल तर निकालाची वाट पाहू नका.